बागेतले दगड कोणी लावले?

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या पूर्वेला दोन गुंठ्यांचा मोकळा तुकडा आहे. त्याचे काय करायचे, यावर गेली तीन वर्षे दर पौर्णिमेला वाद होतो. तरुण मंडळी म्हणतात, पेव्हिंग ब्लॉक बसवा, कार्यक्रमाला खुर्च्या मांडता येतील. महिला मंडळ म्हणते, बाग करा, लेकरांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना टेकायला जागा होईल. मग कोणीतरी विचारतो, पाणी कुठून आणायचे? इंदापूर तालुक्यातले आमचे गाव उन्हाळ्यात टँकरची वाट पाहते. तिथे बागेचे नाव काढणे म्हणजे उपाशी माणसापुढे विड्याचे तबक धरणे. वाद तिथेच थांबतो आणि तुकडा मोकळाच राहतो.

मागच्या वर्षी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने मोबाईलवर फोटो दाखवला. जपानमधली एक बाग. तिच्यात झाड नाही, फूल नाही, थेंबभर पाणी नाही. पांढरी बारीक खडी पसरलेली, तिच्यावर रेघा ओढलेल्या आणि मध्ये काही दगड. सगळे हसले. एक जण म्हणाला, "ही बाग म्हणायची का खडीचा ढीग?" मुलगा हिरमुसला. आम्ही बारामतीत कारकुनी करतो, सुट्टीच्या दिवशी गावी येऊन समाजाची कामे पाहतो. आम्हाला त्या मुलाचे वाईट वाटले. आम्ही म्हटले, हसण्याआधी निदान एक जपानी बाग डोळ्यांनी पाहून येऊ. जपानला जाण्याची आपली ऐपत नाही, पण पुण्याला तर जाता येईल.

कालव्याकाठची बाग

थंडीतल्या एका रविवारी गाडी ठरवून आम्ही सतरा जण पुण्याला गेलो. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. त्याचेच दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा हे जपानमधले शहर. तिथल्या तीनशे वर्षे जुन्या 'कोराकुएन' नावाच्या बागेवरून हे उद्यान बेतले आहे. ते 2006 साली लोकांसाठी खुले झाले. जागा सुमारे 10 एकर. तळे, तळ्यात रंगीत मासे, वळणे घेत जाणारा ओढा, त्यावर छोटे पूल आणि हिरवळीचे उंचवटे. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, वाटेवरूनच फिरायचे.

आत शिरल्यावर आमच्या मंडळींना पहिला प्रश्न पडला तो पाण्याचाच. एवढे पाणी कुठले? बागेच्या मागच्या अंगाने मुठा उजवा कालवा जातो. खडकवासल्याहून निघालेला हा कालवा पुणे शहर ओलांडून हवेली आणि दौंड तालुक्यांतून थेट इंदापूर तालुक्यापर्यंत येतो. त्याची लांबी सुमारे 202 किलोमीटर आहे. हे ऐकल्यावर तो मोबाईलवाला मुलगा म्हणाला, "म्हणजे आपलाच कालवा की!" त्यावर एक आजोबा म्हणाले, "आपलाच. फक्त आपण शेपटाला आहोत."

याच कालव्याची भिंत 27 सप्टेंबर 2018 रोजी फुटली आणि जवळच्या दांडेकर पूल वसाहतीतल्या कष्टकऱ्यांच्या घरांत पाणी घुसले. भांडीकुंडी, धान्य, पोरांची दप्तरे वाहून गेली. पाणी एकच, कालवाही एकच. कोणाकडे ते तळे होऊन थांबते, कोणाच्या घरात लोंढा होऊन शिरते आणि कोणाला त्याचा आवाजही ऐकू येत नाही.

बागेच्या पाठीमागे पर्वतीचा डोंगर आहे. जपानी बागेत एक युक्ती असते. तिला 'शाक्केई' म्हणतात, म्हणजे उसने घेतलेले दृश्य. बागेबाहेरचा डोंगर, झाडी किंवा किल्ला पाहणाऱ्याच्या नजरेत बागेचाच भाग होईल, अशी मांडणी करायची. ओकायामाच्या बागेला तिथला काळा किल्ला असाच उसना मिळाला आहे. पुण्याच्या बागेला पर्वती मिळाली. याच पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून 1929 साली आपल्या लोकांनी सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज त्यात पुढे होते. आज त्या डोंगराच्या उतारावर जनता वसाहतीत हजारो कामगार कुटुंबे राहतात. बागेत उभे राहून आम्ही मुलांना हे सांगितले. उसने दृश्य घ्यायचे तर ते सगळे घ्यावे.

आधी चिंता, मग आनंद

ओकायामाची मूळ बाग तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 च्या सुमारास सुरू केली आणि 1700 साली पूर्ण केली. आसाही नदीच्या पात्रातल्या बेटावर ती आहे. जपानमधल्या तीन सर्वांत नावाजलेल्या बागांत तिची गणना होते. विस्तार 30 एकरांहून जास्त. गंमत म्हणजे तिच्यात भाताची खाचरे आणि चहाचा मळाही आहे. सरदारांच्या काळात ठरावीक दिवशीच रयतेला आत सोडत. 1884 साली ती सरकारी झाली आणि सर्वांसाठी खुली झाली.

'कोराकुएन' हे नाव तिला 1871 साली मिळाले. त्याचा अर्थ 'मागाहून आनंद घेण्याची बाग'. एका जुन्या चिनी विचारवंताच्या शिकवणीवरून हे नाव घेतले आहे. राज्यकर्त्याने लोकांची चिंता सर्वांच्या आधी करावी आणि सुख मात्र सर्वांच्या मागून घ्यावे, असा त्याचा आशय. नाव मोठे सुंदर आहे. ते ठेवणाऱ्या घराण्याने रयतेला कसे वागवले, ते पुढे सांगतो.

बागांचे प्रकार

जपानी बागांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पुस्तकांत सांगतात. पहिला तळ्याभोवती फिरण्याच्या बागेचा. पुणे आणि ओकायामा इथल्या बागा या प्रकारच्या. तिथे एका जागेवरून सगळी बाग कधीच दिसत नाही. वाट वळते, झाडाआड तळे लपते, पुलावर पुन्हा दिसते. चालणाऱ्याची पावले आपोआप मंद होतात.

दुसरा चहाच्या बागेचा. जपानमध्ये पाहुण्याला चहा देण्याचा एक शांत विधी आहे. त्या चहाघराकडे नेणारी छोटी बाग असते. एका पावलावर एक असे सपाट दगड मांडलेले असतात, त्यामुळे चालताना पायाकडे लक्ष ठेवावेच लागते. हात धुण्याची दगडी कुंडी मुद्दाम ठेंगणी ठेवतात, म्हणजे प्रत्येकाला वाकावे लागते. चहाघराचे दारही इतके छोटे की तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर आत शिरायचे. 16 व्या शतकातला चहागुरू सेन नो रिक्यू याच्याशी या पद्धतीचे नाव जोडलेले आहे. सरदार असो की व्यापारी, मान खाली घातल्याशिवाय प्रवेश नाही.

तिसरा प्रकार कोरड्या बागेचा, त्या मुलाने दाखवलेल्या फोटोतला. त्याला 'कारेसान्सुई' म्हणतात. म्हणजे पाण्याविना डोंगर-पाण्याचा देखावा. खडी म्हणजे पाणी, रेघा म्हणजे लाटा, दगड म्हणजे डोंगर किंवा बेटे. क्योतो शहरातल्या रिओआनजी या विहारातली अशी बाग जगप्रसिद्ध आहे. सुमारे 25 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद जागेत फक्त 15 दगड. ओसरीवर कुठेही बसा, एक तरी दगड दुसऱ्याआड लपतोच, पंधराच्या पंधरा एकदम दिसत नाहीत. आपण जे पाहतो ते पुरे नसते, एवढा धडा तिथे बसल्या बसल्या मिळतो.

या बागा झेन पंथाच्या विहारांत वाढल्या. 'झेन' हा शब्द आपल्या 'ध्यान' या शब्दापासूनच निघाला आहे. भारतातून चीनमध्ये जाताना त्याचा उच्चार 'चान' झाला आणि जपानमध्ये 'झेन'. तिथे ध्यान म्हणजे केवळ डोळे मिटून बसणे नव्हे. अंगण झाडणे, स्वयंपाक करणे, खडीवर दाताळे ओढणे हेही ध्यानच मानतात. दाताळे ओढताना मन भरकटले की रेघ वाकडी येते. वाऱ्याने किंवा पावसाने रेघा मोडतात. भिक्खू त्या पुन्हा ओढतात. अनित्यता सांगायला याहून सोपा फळा कुठे मिळेल?

दगडाला तोंड असते

आमची आई सत्तरीच्या पुढची आहे. पुण्याच्या बागेत बाकीचे मासे बघत होते, तेव्हा ती ओढ्याकाठच्या दगडांपाशी थांबली. एका दगडावर हात ठेवून म्हणाली, "ह्यो दगड बसवणारा जाणता हाय."

आम्ही विचारले, "तुला काय कळते त्यातले?"

"आरं, दगडाला तोंड असतंय, पाठ असती. तोंड धरून बसवला तर बसतो. न्हायतर कितीबी माती घाल, डुलतच ऱ्हातो. बहात्तरला खडीच्या सेंटरवर मी काय केलं मग?"

1972 च्या दुष्काळात बारामती आणि इंदापूरकडच्या हजारो बाया खडी सेंटरवर होत्या. सुकडी खायची आणि दिवसभर दगड फोडायचा. आई तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची. दगडाची नस ओळखून घाव घातला तर तो दोन घावांत फुटतो, नाहीतर हाताला फोड येतात, हे ती तिथेच शिकली. हे तिने आम्हाला आजवर कधी सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते.

जपानमध्ये बागा करण्याविषयीचा 'साकुतेइकी' नावाचा एक ग्रंथ 11 व्या शतकातला आहे. त्यातही दगडाचे मन ओळखून पुढचा दगड लावावा, असा सल्ला आहे. तो ग्रंथ दरबारी माणसाने लिहिला. पण दगड उचलणारे, नस ओळखणारे, चिखलात गुडघाभर उभे राहून ते बसवणारे हात कोणाचे होते?

नदीकाठची माणसे

इथे वाचकांनी जरा सावध होऊन वाचावे. जपानमध्ये 'कावारामोनो' नावाचे लोक होते. शब्दशः अर्थ 'नदीपात्रातली माणसे'. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे अशी कामे त्यांच्याकडे होती. ती कामे करतात म्हणून त्यांना अपवित्र मानत. गावाच्या शिवेबाहेर, ज्या जमिनीवर सारा बसत नाही अशा नदीच्या वाळवंटात ते राहत. हे आम्ही जपानचे सांगत आहोत, पण वाचताना डोळ्यांपुढे कोणती वस्ती आली, ते सांगायला नको.

15 व्या शतकात मातीकाम आणि दगडकाम करता करता यांच्यातूनच थोर उद्यानकार तयार झाले. झेनआमी हा त्यांतला सर्वांत मोठा. त्या वेळचा जपानचा सत्ताधीश आशिकागा योशिमासा याने त्याच्याकडून बागा करून घेतल्या. झेनआमी आजारी पडला तेव्हा योशिमासाने त्याच्यासाठी औषध धाडल्याची नोंद आहे. त्याच्यामागे त्याच्या मुला-नातवांनीही हेच काम केले.

माताशिरो हा त्याचा नातू. 1489 साली एका झेन भिक्खूने आपल्या रोजनिशीत त्याचे मनोगत टिपून ठेवले आहे. जनावरे मारणाऱ्यांच्या घरात आपण जन्मलो याचे माताशिरोला फार दुःख होते. म्हणून त्याने निश्चय केला होता की आपण कोणताही जीव मारणार नाही आणि धनाचा लोभ धरणार नाही. पंचशील रोज म्हणणाऱ्या आपल्या घरांत हे समजावून सांगायला नको. ज्याला समाजाने अपवित्र ठरवले होते, तो माणूस शील पाळून विहारांत बागा उभारत होता.

रिओआनजीच्या त्या पंधरा दगडांपैकी एकाच्या पाठीवर दोन नावे कोरलेली आहेत. एक कोतारो. दुसरे झिजले आहे, नीट वाचता येत नाही. ही नावे कावारामोनो कारागिरांची असावीत, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. लाखो लोक ओसरीवर बसून ती बाग पाहतात. नावे मात्र पाठीमागच्या अंगाला आहेत.

ओकायामाचा दुसरा इतिहास

आता त्या सुंदर नावाच्या बागेकडे परत येऊ. ज्या इकेदा घराण्याची ती बाग, त्याच घराण्याच्या राज्यात 1856 साली अस्पृश्यांचा मोठा उठाव झाला. सरकारने हुकूम काढला होता की या लोकांनी नक्षीचे कपडे घालायचे नाहीत. कच्च्या फळांच्या तुरट रसात किंवा निळीत रंगवलेले साधे कापडच अंगावर हवे, म्हणजे लांबूनच ओळखू येतील. वस्त्या-वस्त्यांतून लोक निघाले, नदीकाठी जमले आणि त्यांनी आपला अर्ज अधिकाऱ्याच्या हाती दिला. हुकूम अमलात आलाच नाही. पण 12 पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले आणि त्यांतले 6 तिथेच मेले. महाडला 1927 साली बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना नेसण्या-लेण्यातली जातीची खूण टाकून द्यायला सांगितले, ते इथे आठवल्यावाचून राहत नाही.

1871 साली बागेला 'कोराकुएन' हे नाव मिळाले. त्याच वर्षी जपान सरकारने कायद्याने अस्पृश्यता रद्द केली. कायदा झाला, मने बदलली नाहीत. दुःखाने सांगावे लागते की काही बौद्ध विहारांनीही या लोकांना मृत्यूनंतर दिल्या जाणाऱ्या धम्मनावांत हीनता दाखवणारी अक्षरे घातली आणि ती थडग्यांवर कोरली. 20 व्या शतकाच्या उत्तरार्धात चळवळीने हे उघड केले, तेव्हा पंथांना चूक कबूल करावी लागली. धम्म जातीच्या हाती सापडला तर काय होते, याचा हा पुरावा आहे.

त्या लोकांनी 3 मार्च 1922 रोजी क्योतोमध्ये स्वतःची संघटना काढली. तिचे नाव 'सुइहेइशा'. 'सुइ' म्हणजे पाणी, 'हेइ' म्हणजे सपाट. पाण्याची पातळी जशी सगळीकडे सारखी, तशी माणसांची असावी असे मानणाऱ्यांची संघटना. पुढे पाचच वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

आमचे दोन गुंठे

पुण्याहून परतल्यावर पुढच्या पौर्णिमेला पुन्हा बैठक झाली. या वेळी वाद कमी आणि हिशेब जास्त झाला. अर्ध्या जागेवर फरशी, तिच्यावर खुर्च्या मांडता येतील. अर्ध्या जागेवर कोरडी बाग. पिंपळ आणि कडुनिंब आधीपासून आहेत, त्यांची सावली पुरेल. एक ब्रास बारीक खडी विकत आणली. दगड ओढ्यातून आणि शेताच्या बांधावरून गोळा केले. पाणी लागले नाही. लाकडी दाताळे वस्तीतल्याच सुताराने करून दिले. रोज सकाळी एका घराने रेघा ओढायच्या, अशी पाळी लावली आहे.

दगड आईच्या देखरेखीखाली बसले. ती खुर्चीवर बसून काठीने दाखवत होती, "ह्याचं तोंड तिकडं करा." जे पोरगे फोटो दाखवून हिरमुसले होते, ते तिच्या हाताखाली दोन दिवस राबले. तिसऱ्या दिवशी कोंबड्या आणि लहान पोरे खडीवर नाचून गेली. तरुण चिडले, कुंपण घालू म्हणाले. आई म्हणाली, "उद्या परत वढा रेघा. दुसरं काय काम हाय?"

मग आम्ही सुचवले की रिओआनजीसारखे एका दगडाच्या पाठीवर आईचे नाव कोरू. तिने साफ नकार दिला. "माझं एकटीचं कशाला? आमच्या टोळीत पन्नासभर बाया होत्या."

आम्हा कारकुनांना यादी करणे तेवढे जमते. खडी सेंटरच्या हजेरीपटावर या बायांचे अंगठे उठले होते. ते कागद आज कुठे असतील, कोणास ठाऊक. म्हणून आम्ही घरोघरी जाऊन विचारायला लागलो. काही बाया आता नाहीत, त्यांच्या मुलांना आईचे माहेरचे नाव आठवत नाही. आजवर 31 नावे जमली आहेत. महिला मंडळाच्या बैठकीत ती वाचून दाखवली आणि दगडाच्या मागच्या बाजूला कोरायची, असे आम्ही म्हटले. तेव्हा एक वृद्ध बाई मागून बोलली, "मागं का? म्होरल्या अंगाला लिवा." त्यावर कोणी वाद घातला नाही.

वाचकहो, तुमची आई, आजी किंवा आत्या 1972 च्या दुष्काळात बारामती-इंदापूरकडच्या कोणत्या सेंटरवर खडी फोडायला होती का, हे आज जेवताना घरात विचारा. उत्तर मिळाले तर पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, वहीत लिहून ठेवा. पुण्याला गेलात तर ती बागही अवश्य पाहा. मासे पाहून झाले की ओढ्याकाठच्या दगडांपाशी थोडे थांबा.